पंच क्रमांक एक

१३ फेब्रुवारी २०२३, सोमवार

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, माझी रजा अडकली. तर म्हणाले, "फरहीन, उद्या सकाळी लाचलुचपतवाल्यांकडे जायचं. कुणाला सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही." मी विचारलं, "सर, मी काय केलं?" ते हसले. लाच घेताना माणूस पकडायचा असला की साक्षीला दुसऱ्या खात्यांतले दोन सरकारी नोकर घेतात, त्यांना पंच म्हणतात. तक्रार करणारी बाई आहे, म्हणून एक पंच बाईच हवी होती.

आमचं खातं इतकं लहान, की नाव सांगितलं तरी लोक "ते काय असतं?" म्हणतात. इतक्या वर्षांत आवक-जावक सोडून सरकारने मला काही विचारलेलं नाही. आज विचारलं. छाती फुगली, खोटं कशाला लिहू. लेकीला, हुमेराला, दुपारपासून ताप आहे, तो सकाळपर्यंत उतरला म्हणजे मिळवलं.

घरी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला, आवेजला, फक्त एवढंच म्हटलं की उद्या कुणाला तरी पकडायचंय.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं आजच लिहायला हवं.

तक्रार करणारीचं नाव मालनबाई. सोनईच्या पुढच्या एका गावातली, पन्नाशीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शेजाऱ्याने बांध कोरत कोरत हिच्या विहिरीपर्यंत आणलाय. आता विहीरही माझीच म्हणतो. सरकारी मोजणी झाली तरच विहीर कुणाच्या हद्दीत ते ठरणार. मोजणीची फी भरून वर्ष झालं. सर्व्हेअर वैजनाथ "येतो, येतो" म्हणतो आणि येत नाही, कारण त्याला वेगळे पैसे हवेत. "माज्या नवऱ्यानं आन् म्या, दोघांनी खांदलेली हीर हाय ती म्याडम," मालनबाई म्हणाली. "आता त्यो न्हाई ऱ्हायला. हीर बी जाऊ द्यू का?"

साहेब लोकांनी नोटांना पावडर लावली. ती दिसत नाही, पण नोटा धरलेला हात सोड्याच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं. माझं नाव पडलं पंच क्रमांक एक. मालनबाईच्या शेजारी उभं राहायचं, काय बोलणं होतं ते कान देऊन ऐकायचं. पंच क्रमांक दोन ज्ञानेश्वर नावाचे गृहस्थ, ते टीमबरोबर बाहेर थांबणार. त्यांनी स्वतःचं शाईचं पेन आणलं होतं आणि सही करताना जिभेचं टोक बाहेर काढत होते. मला हसू आवरेना. मालनबाईच्या पिशवीत रेकॉर्डर ठेवला. पैसे घेतले की तिने पदराने तोंड पुसायचं, ही खूण.

आम्ही दोघी त्याच्या ऑफिसात गेलो. वैजनाथ भला माणूस दिसतो, हेच मला आधी खटकलं. सोनेरी काडीचा चष्मा, मऊ आवाज. "या मावशी, बसा. ह्या कोण?" "माज्या वळकीची हाय," मालनबाई म्हणाली. बाहेर ट्रॅक्टर सुरू होता, डोक्यावर पंखा खडखडत होता, तरी मी हातभर अंतरावर होते. त्याने चष्मा नाकावर खाली केला आणि म्हणाला, "आणले का पैसे? सांगितले तेवढे आहेत ना? मग परवा येतो मोजणीला." चहा घेता का विचारावं, तसं विचारलं. मालनबाईने पिशवीतून पाकीट काढलं.

नेमका तेव्हाच माझा फोन थरथरला. बंद करायला सांगितलं होतं, पण हुमेराच्या तापामुळे मी नुसता आवाज बंद केला होता. घरून अम्मींचा, सासूबाईंचा फोन. मी पर्समध्ये पाहिलं, एवढंच. मान वर केली तर नोटा वैजनाथच्या हातात, आणि मालनबाईने पदराने तोंड पुसलं. मग एकदम धावपळ. त्याची बोटं पाण्यात घातली तर पाणी झालं जास्वंदीसारखं गुलाबी. तो म्हणत राहिला, "मला अडकवलंय." मालनबाईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की अजून लाल आहे.

घरी आल्यावर राहवलं नाही. अम्मींना सगळं नक्कल करून दाखवलं. त्यांचाच चष्मा नाकावर खाली करून "आणले का पैसे?" म्हटलं. अम्मी हसून हसून खोकायला लागल्या. मग म्हणाल्या, "पण त्याच्या घरी आज चूल पेटली असेल का गं?" अम्मींचं असंच असतं, चोराचीही कीव येते.

१५ फेब्रुवारी, बुधवार

पेपरात बातमी आली. पंचांची नावं छापत नाहीत म्हणे. बरंच झालं. तरी दोनदा वाचली.

१० नोव्हेंबर २०२३, शुक्रवार

मध्ये कितीतरी महिने डायरीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. केस कुठे आहे विचारावं तर खटल्याची परवानगी वरून यायचीय म्हणतात. कुठून वरून, ते त्यांनाही सांगता येत नाही.

आज आनंदाची गोष्ट. केडगावातल्या आवेजच्या दुकानात, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायच्या कामाला, एक नवं मोठं गिऱ्हाईक लागलंय. सुनील नाव. टेम्पो भरून मोटारी आणतो, घासाघीस करत नाही, जागेवर पैसे देतो. आवेज सांगत होता, त्यातल्या एका मोटारीत काही बिघाडच नव्हता. तसं सांगितलं तर सुनील म्हणाला, "असू द्या भाऊ, बघून ठेवा, मजुरी घ्या." अशी माणसं आजकाल कुठे मिळतात!

७ जानेवारी २०२४, रविवार

सुनीलभाऊंनी हुरड्याला बोलावलं होतं, पुणतांब्याकडे त्यांच्या शेतावर. आवेज नको नको म्हणत होता. मला वाटलं, लाजतोय. मीच हट्टाने गेले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून दिलेला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, बोरं. खाऊन खाऊन जीव जड झाला. सुनीलभाऊ मला "भाभी" म्हणतात आणि ताटलीत सारखं वाढतात.

त्यांची बहीण आरती आली होती, नगरलाच असते. तिची निकिता आमच्या हुमेराच्या वयाची. दोघी दिवसभर एका झोक्यावर. आरती हळू बोलते, ऐकून घेते. माझ्या बोलण्याला असं कान देणारं माणूस मला पुष्कळ दिवसांत भेटलं नव्हतं. तिचे मिस्टर आले नव्हते. "ह्यांना बरं नसतं, घरीच असतात," म्हणाली. ऑफिसातल्या गमती सांगताना माझ्या तोंडातून पकडापकडीचा विषय निघणार होता, पण आवेजने मध्येच मला हुमेराला हाक मारायला लावली.

११ एप्रिल २०२४, गुरुवार

ईद. आरती निकिताला घेऊन आली. हुमेराला फ्रॉक, अम्मींना शाल. शीरखुर्म्याच्या दोन वाट्या घेतल्या, तिसरी मिस्टरांसाठी डब्यात भरून दिली. मी विचारलं, कोणत्या कंपनीत असतात ते? ती म्हणाली, "सध्या घरीच बसवलंय. कुणीतरी अडकवलं त्यांना." मी म्हटलं, "खासगीत असंच चालतं गं. आमच्याकडे बरं, सरकारी."

तिने डब्याचं झाकण घट्ट दाबलं आणि म्हणाली, "हो ना."

११ जून २०२४, मंगळवार

गेला आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. बदल्यांच्या यादीत माझं नाव, नंदुरबार! हुमेराची शाळा, अम्मींची शुगर, आवेजचं दुकान, सगळं डोळ्यांपुढे फिरलं. रडून घेतलं. साहेब म्हणाले, वरून आलंय, माझ्या हातात काही नाही.

आज दुपारी बदली रद्द! साहेबच चकित झाले होते. रिक्षाने घरी येते तर सुनीलभाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन आधीच बसलेले. "अभिनंदन भाभी!" मी आवेजकडे पाहिलं. मी तर अजून त्याला फोनसुद्धा केला नव्हता. पण म्हटलं, आनंदात प्रश्न कशाला. देवाची कृपा. अम्मींनी नजर उतरवली.

१९ ऑगस्ट २०२४, सोमवार

मला काही सुचत नाही. लिहिते आहे, पण नीट लिहिलं जाईल असं वाटत नाही.

राखीपौर्णिमा म्हणून आरती आवेजला राखी बांधायला येणार होती. आली. मागून तिचे मिस्टर आले. सोनेरी काडीचा चष्मा.

वैजनाथ. मालनबाईचा वैजनाथ. दारात चप्पल काढून म्हणाला, "नमस्कार ताई." खंगलाय, केस पिकलेत. मी नमस्कार केला की नाही, आठवत नाही. पाण्याचा ग्लास दिला तेव्हा नजर त्याच्या बोटांवर गेली, आणि मलाच लाज वाटली.

कुणी केसबद्दल चकार शब्द काढला नाही. तेच मला समजत नाही! धमकावलं असतं, पैसे पुढे केले असते, तर मी हाकलून दिलं असतं. तेवढी मी खमकी आहे. पण आरतीने आवेजला ओवाळलं, निकिताने हुमेराच्या हातावर मेंदी काढली, वैजनाथने अम्मींना औषधं कोणती चालू आहेत विचारलं. याला काय म्हणायचं?

ते गेल्यावर आवेजला विचारलं, "तुला माहीत होतं?" तो रेग्युलेटर उघडून बसला होता. "मला काय माहीत," म्हणाला. रेग्युलेटर तर कालच दुरुस्त केलाय. पण तो खोटं कशाला बोलेल?

२२ ऑगस्ट, गुरुवार

कुणाला तरी कळवायला हवं असं मनाने घेतलं. लाचलुचपतच्या त्या साहेबांना फोन केला. त्यांची बदली झालीय. नव्या साहेबांना केस आठवेना. ते चांगलं बोलले, "तुम्हाला धमकी दिली का? पैसे देऊ केले का?" मी म्हटलं, "नाही, राखी बांधली." मग म्हणाले, लेखी द्या. मी कागद घेतला. "आरोपीच्या पत्नीने माझ्या पतीस राखी बांधली" एवढं लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते कळेना. हुरड्याचं लिहायचं? शालीचं? बदलीचं तर मला खात्रीने माहीतच नाही. आणि आरतीचं नाव पोलिसांच्या कागदावर माझ्या हाताने? कागद फाडला.

मुलींची मैत्री तोडू का? निकिताने काय केलंय?

३० ऑक्टोबर २०२४, बुधवार

ऑफिसात दक्षता सप्ताह. सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली, लाच घेणार नाही, देणार नाही. बॅनरची एक दोरी सुटली होती, ती शिपायाने दोन्ही वेळा, शपथेला आणि फोटोला, हाताने धरून ठेवली. साहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं, "आपल्याकडे पंच म्हणून काम केलेल्या धाडसी भगिनी आहेत." टाळ्या. माझे कान गरम झाले.

नंतर कुणा कॉलेजच्या मुलींनी कागद वाटले. भ्रष्टाचार रोखायला आपल्या देशातल्या यंत्रणा कितपत मजबूत आहेत? फार मजबूत, बऱ्यापैकी, कमजोर, सांगता येत नाही. मी आधी "बऱ्यापैकी"वर खूण केली. मग वाटलं, यंत्रणा म्हणजे कोण? तो वैजनाथला पकडणारा साहेब? परवानगी दडपून ठेवणारा कुणी? नंदुरबारची ऑर्डर फिरवणारा? की मी? खोडून "सांगता येत नाही" केलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, खाडाखोड चालत नाही."

१२ जानेवारी २०२५, रविवार

आरती एकटी आली होती. अम्मी झोपल्या होत्या, आवेज दुकानात. स्वयंपाकघरात मी मेथी निवडत होते, तीही बसली निवडायला. मग अचानक म्हणाली, "ताई, एक विचारू? हे म्हणतात, मी मागितलेच नव्हते. त्या बाईने टेबलावर टाकले, मी परत द्यायला उचलले. मी बायको आहे, मला विश्वास ठेवावाच लागतो. पण मला खरं कळायला हवं. तुम्ही होतात तिथं."

तिचे डोळे भरले होते. मेथीवर पाणी पडत होतं. मी काय सांगायचं होतं? "तुझा नवरा चहा विचारावा तसे पैसे मागत होता" असं त्या डोळ्यांत बघून कोण सांगू शकेल? मी म्हटलं, "अगं, त्याच वेळी घरून फोन आला, हुमेराला ताप होता ना. माझं लक्ष पर्समध्ये गेलं. उचलताना काही मी पाहिलं नाही." हे काही खोटं नाही. उचलताना मी खरंच पाहिलं नाही. ऐकण्याचं तिने विचारलंच नव्हतं.

ती म्हणाली, "पंचनामा साहेबांनीच लिहिला असेल ना? वाचून वाचून माणसाला आपणच ऐकलं असं वाटायला लागतं." मी म्हटलं, "हो, तसंही होतं." मग तिने माझा हात हातात घेतला आणि आम्ही दोघी रडलो. मी का रडले, ते मला ठाऊक नाही.

१८ मार्च २०२५, मंगळवार

समन्स आलंय, परवा साक्ष. आज सरकारी वकील मॅडमनी तयारीला बोलावलं. कोर्टाजवळच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय, रिक्षावाला मात्र "नगर कोर्ट ना?" म्हणाला. मॅडम दमलेल्या, टेबलावर फायलींचा ढीग. म्हणाल्या, "रेकॉर्डिंगमध्ये पिशवीची खसखस आणि पंख्याशिवाय काही नाही. बोटं गुलाबी झाली एवढ्याने भागत नाही, त्याने पैसे मागितले हे सिद्ध व्हावं लागतं. ते फक्त तुम्ही ऐकलंय. सगळं तुमच्यावर आहे."

बाहेर मालनबाई बसली होती. तिची साक्ष मागच्या तारखेला झाली. ओळखून धावत आली. वाळलीय फार. "म्या सांगितलं समदं. उलटं-सुलटं लई इचारलं वकिलानं, पन म्या हालले न्हाई. आता तुमचं ऱ्हायलं." शेजाऱ्याने विहिरीवर त्याची मोटर बसवलीय. दुसरा सर्व्हेअर मोजणीला येत नाही, केस चालू आहे म्हणतो. "भाकर देनार हुते, पन तुमचा रोजा हाय," म्हणाली. "तुमी हायेत म्हनून मला घोर न्हाई, म्याडम."

दोन वर्षांपूर्वीची डायरी काढून पाहावी असं घरी आल्यावर मनात आलं. माळ्यावर गाद्यांच्या मागे आहे. ईदच्या आधी गाद्या उन्हात टाकायच्याच आहेत, तेव्हा काढू.

२० मार्च, गुरुवार

सकाळी सहेरीला उठले तेव्हाच ठरवलं होतं, रोजाच्या तोंडाने खोटं बोलायचं नाही. हे मी आधी लिहून ठेवते.

कोर्टात शपथ दिली. नाव, खातं, पावडर, पाकीट, सगळं मी घडाघडा सांगितलं. मॅडम खूश दिसल्या. मग त्यांनी विचारलं, "आरोपीने तक्रारदार महिलेला काय विचारलं?" मी तोंड उघडलं आणि समोर मागच्या बाकावर आरती दिसली. शेजारी निकिता, शाळेच्या ड्रेसमध्ये. तिने मला बघून हळूच हात हलवला, जसा आमच्या फाटकातून हलवते.

मला वाटलं, मला खरंच किती आठवतंय? पंखा, ट्रॅक्टर, चष्मा. आवाज त्याचा की पंचनाम्याचा? जे शंभर टक्के माहीत नाही ते शपथेवर कसं सांगायचं? एका माणसाची नोकरी, पोरीची शाळा! मी म्हणाले, "बाहेर ट्रॅक्टरचा आवाज होता. काय बोलणं झालं, ते मला आता नक्की सांगता येणार नाही."

मॅडमनी फाईल खाली ठेवली. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साडी नेसायलाच विसरलेय. जज्जसाहेबांची परवानगी घेऊन त्यांनीच मला उलटे प्रश्न विचारले. पंचनाम्यावर सही तुमची? हो. वाचून केली? साहेबांनी वाचून दाखवला. तेव्हा चूक आहे म्हणालात? नाही. आता आरोपीला वाचवायला खोटं सांगताय? नाही! हे "नाही" मी इतक्या जोरात म्हणाले की पट्टेवाला दचकला.

मग वैजनाथचे वकील उठले, फार अदबीने. "मुलीला ताप असल्याने त्याच क्षणी तुम्हाला घरून फोन आला आणि तुम्ही पर्समध्ये पाहत होतात, हे खरं आहे का?" खरंच होतं, मी हो म्हणाले. तापाचंसुद्धा त्यांना माहीत होतं. वकील लोकांचा अभ्यास दांडगा असतो.

मी फितूर झाले असं टाईप झालं. हा शब्द मला फार लागला. मी कुणाचा एक पैसा घेतलेला नाही. खोटं काही बोलले नाही. फक्त जे नक्की नाही ते सांगितलं नाही. मग छातीवर धोंडा ठेवल्यासारखं का वाटतंय?

२१ मार्च, शुक्रवार

काल इफ्तारला आवेज फालुदा घेऊन आला होता. कधी आणत नाही. कोर्टात काय झालं ते त्याने विचारलंच नाही.

आज अम्मींना मीच सांगितलं, की मला त्याचं बोलणं आठवत नव्हतं. अम्मी खजुरातली बी काढत होत्या. म्हणाल्या, "आठवत नव्हतं? तूच तर माझा चष्मा लावून नक्कल करून दाखवली होतीस. आणले का पैसे, म्हणून." मी म्हटलं, ते मी गंमतीने वाढवून सांगितलं असेल. अम्मींनी खजूर माझ्या हातावर ठेवला.

अम्मींचं वय झालंय. काहीतरी मनात धरून बसतात.

१५ जुलै २०२५, मंगळवार

निकाल लागला. वैजनाथ निर्दोष. मागणी सिद्ध झाली नाही. ज्ञानेश्वरांनी म्हणे साक्ष चोख दिली, पण ते बाहेर उभे, बोलणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. बोटांचा गुलाबी रंग तेवढा सांगितला.

माझ्याकडून ऑफिसने खुलासा मागवला होता. साहेब म्हणाले, "द्या काहीतरी चार ओळी लिहून, फाईल बंद करू." दिल्या. बंद झाली.

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

सुनीलभाऊंचा टेम्पो महिनाभर आला नाही. आवेज म्हणतो, सीझन नाही. आरतीचा फोन लागत नाही, लागला तर उचलत नाही. सावेडीच्या बाजारात परवा समोरून आली, मी हाक मारली, ती भाजीवाल्याशी बोलत बोलत पलीकडच्या गल्लीत वळली. ऐकू आलं नसेल. हुमेरा रोज विचारते, निकिता कधी येणार? माझं काय चुकलं, मला कळत नाही. मी तिच्यासाठी काय केलं नाही? आज फार वाईट वाटतंय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत शिपाई म्हणाला, मॅडम, कुणी बाई आल्यात. मालनबाई. मला पळून जावंसं वाटलं. पण ती दारातच उभी होती.

तिला खुर्ची दिली तर खाली बसली. पाणी प्यायली. म्हणाली, मोजणी झाली एकदाची. वैजनाथ कामावर परत आलाय, तोच आला होता मोजायला. विहीर बांधाच्या पलीकडे गेली. अपील करा म्हणतात, पण आता तिच्यात ताकद नाही. हे सगळं तिने दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुमाला सांगाया आले," ती म्हणाली. "तुमी येवढी माज्यासाठी उभी ऱ्हायली, न सांगता कसं ऱ्हावं? कोर्टानं आपल्या दोघींचं बी ऐकलं न्हाई बगा. वकीलबाई म्हनल्या, पंच फुटला. मला तवाच वाटलं हुतं. त्यो दुसरा, बाप्या, जीभ भाईर काढून सही करत हुता, त्याची नजरच बरी नव्हती. त्यानंच खाल्लं पैसं. त्याच्या लेकराबाळांना लागंल माजा तळतळाट." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "त्योच फुटला ना, म्याडम?"

ऑफिसात कुणी नव्हतं. सगळे डबे खायला गेले होते. आरती नव्हती, निकिता नव्हती, कुणाचा वकील नव्हता, कुणी मला काही विचारून किंवा शिकवून ठेवलं नव्हतं. मला सगळं लख्ख आठवत होतं. चष्मा नाकावर खाली करून तो म्हणाला होता, आणले का पैसे.

मी म्हणाले, "हो, तोच."